घरभराची औषधे : वेळापत्रक बसवण्याची पायरीपायरीने पद्धत

आमच्या घरात दिवसाला १३ वेळा कोणी ना कोणी औषध घेते. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब असल्यामुळे त्यांच्या एकट्याच्या ६ गोळ्या होतात. सासूबाईंच्या थायरॉईड, रक्तदाब आणि कॅल्शियम मिळून ३, शिवाय आठवड्यातून एकदा ‘ड’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल. नवऱ्याची रक्तदाबाची १, चौदा वर्षांच्या मुलीची लोहाची १ आणि आठ वर्षांच्या मुलाचा दम्याचा इनहेलर सकाळ-संध्याकाळ. सर्दी-ताप, जुलाब, डोळ्यांचे थेंब हे पाहुणे यात धरलेले नाहीत. पहिली काही वर्षे हे सगळे मी तोंडपाठ ठेवले होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. एका घोळामुळे तो उतरला आणि सगळी व्यवस्था डोक्यातून काढून कागदावर आणावी लागली. ती कशी आणली, ते येथे क्रमाने लिहिले आहे. कोणते औषध, किती आणि किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरच ठरवतात. त्यांनी ठरवलेले घरात चुकू नये, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

पहिली पायरी : सगळी औषधे सतरंजीवर

एखाद्या रविवारी दुपारी घरातली झाडून सगळी औषधे एका सतरंजीवर आणून ठेवावीत. फ्रिजचे दार, स्वयंपाकघरातले फडताळ, देवघराचा खण, प्रवासाची बॅग, नवऱ्याच्या गाडीची डिकी आणि सासूबाईंच्या उशीखालचा डबा, अशा सगळ्या जागा धुंडाळल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या ‘असू देत, लागतील’ म्हणून जपून ठेवलेल्या निघाल्या. अशा उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारात स्वतःच्या मनाने घ्यायच्या नसतात, म्हणून त्या ठेवण्यात काहीच हशील नाही.

प्रत्येक पाकिटावर तीन गोष्टी वाचाव्यात : मुदत, घटक आणि प्रमाण. मुदतीत फक्त महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. मेडिकलमध्ये पाकीट कापून सुट्या गोळ्या दिल्या की मुदतीचा भाग नेमका दुकानातच राहतो, म्हणून तारीख असलेला तुकडा आपल्याकडे मागून घ्यावा, नाहीतर मागच्या बाजूला पेनाने तारीख लिहून घ्यावी. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो मोबाइलने वाचला की औषधाचे नाव, बॅच आणि मुदत दिसते. बारीक अक्षरांपुढे चष्मा हात टेकतो तेव्हा याचा चांगला उपयोग होतो.

घटक वाचणे मात्र सर्वांत महत्त्वाचे, आणि आमचा घोळ झाला तो इथेच. सासरे न्यूमोनियातून बरे होऊन घरी आले तेव्हा रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची म्हणून एक नवी गोळी होती. जुनी बंद करा असे त्यावर कुठेच लिहिलेले नव्हते आणि मीही विचारले नाही. त्यांची जुनी गोळी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन यांची मिळून होती. नवी होती ती नुसत्या अ‍ॅम्लोडिपिनची, पण वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्याच नावाची. चार दिवस अ‍ॅम्लोडिपिन दुहेरी पोटात जात राहिले. त्यांचे घोटे सुजले, पाचव्या दिवशी पलंगावरून उठताना भोवळ आली आणि ते कपाटाला धरून कसेबसे उभे राहिले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवून बारीक अक्षरांवर बोट ठेवले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणून औषधे ओळखायची ती ब्रँडच्या ठळक नावावरून नव्हे, तर त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या नावावरून. ब्रँडच्या नावापुढे लागणारी ‘एएम’, ‘एच’, ‘एम’ ही अक्षरेही शोभेची नसतात. त्या गोळीत आणखी एक औषध मिसळलेले आहे, असे ती सांगतात. तापाच्या आणि सर्दीच्या गोळ्यांतही हेच होते. दोन्हींत पॅरासिटामॉल असते आणि घेणाऱ्याला वाटते की आपण दोन वेगळी औषधे घेतली.

दुसरी पायरी : माणशी एक पान

यानंतर प्रत्येकासाठी वहीचे एकेक पान करावे. औषधाचा घटक, प्रमाण, सध्याचा ब्रँड, कशासाठी, केव्हा, कोणत्या डॉक्टरांनी केव्हापासून दिले आणि केव्हापर्यंत, एवढे रकाने पुरतात. ‘केव्हापर्यंत’ हा रकाना बहुतेक लोक गाळतात आणि मग सहा आठवड्यांसाठी दिलेली आम्लपित्ताची कॅप्सूल सहा वर्षे चालू राहते. पानाच्या माथ्यावर त्या व्यक्तीला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लाल शाईने लिहावे आणि मुलांच्या पानावर वजन तारखेसह लिहावे, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि वजन दर काही महिन्यांनी बदलते.

चिठ्ठीवरचे १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच, हेही वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे. ‘एसओएस’ची वेदनाशामक गोळी रोजची समजून घेणारे आजोबा प्रत्येक घरात असतात.

या पानावर आयुर्वेदिक काढे, चूर्णे, होमिओपॅथीच्या गोळ्या, गुडघ्याला चोळायचे मलम आणि डोळ्यांचे थेंबही यायला हवेत. डॉक्टरांनी ‘आणखी काही घेता का’ असे विचारले की आपल्याकडची माणसे ठामपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी काढा म्हणजे औषधच नव्हे. सासूबाईंचेही तसेच होते. गुडघे दुखले की शेजारणीने दिलेली डायक्लोफेनॅकची गोळी त्या गुपचूप घेत असत. या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब चढू शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, हे कळल्यावर ती गोळी एकदाची पानावर आली आणि डॉक्टरांनी तिथून ती खोडली. सगळी पाने तयार झाली की पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवावीत आणि त्यांच्यासमोर प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करून घ्यावी.

तिसरी पायरी : घड्याळापेक्षा घराचा दिनक्रम

सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ असे कोरे वेळापत्रक भिंतीवर चार दिवस टिकते. घरातला पहिला चहा, न्याहारी, मुलांचे डबे, दुपारचे जेवण, दिवेलागण आणि रात्रीचे जेवण या गोष्टी मात्र कोणालाही आठवण न करता घडतात, म्हणून औषधे त्यांच्याशी बांधावीत. त्यासाठी आधी कोणते औषध अनशापोटी आणि कोणते अन्नाबरोबर, आणि कोणाचे कोणाशी जमत नाही, हे कळले पाहिजे.

थायरॉईडचे लेव्होथायरॉक्सीन अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचे असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, काही खायचे-प्यायचे नसते, चहासुद्धा नाही. आमच्याकडे यावरून बराच वाद झाला, कारण पन्नास वर्षे पहाटे उठून पहिला घोट चहाचा घेणाऱ्या बाईला तासभर थांब म्हणणे सोपे नसते. शेवटी तोडगा असा निघाला की गोळी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवायचा, सहाला जाग आली की गोळी घेऊन पुन्हा पडायचे आणि सातला चहा. कॅल्शियम आणि लोह या दोन्हींमुळे लेव्होथायरॉक्सीन आतड्यात नीट शोषले जात नाही, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवतात. सासूबाईंचे कॅल्शियम यासाठीच दुपारच्या जेवणावर ढकलले. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच चांगले शोषले जाते, त्यामुळे तेही साधले.

लोहाच्या गोळीचे वैर चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियम यांच्याशी आहे आणि मैत्री ‘क’ जीवनसत्त्वाशी. मुलगी शाळेतून आली की पाच वाजता लिंबाच्या सरबताबरोबर तिची गोळी होते आणि चहा-दूध निदान तासाभराने. लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. आमच्याकडे ते सांगायचे राहिले आणि एक सकाळ घाबरण्यात गेली. लहान मुलांचे लोहाचे औषध पातळ असेल तर दात डागाळतात, म्हणून ते जिभेच्या मागच्या बाजूला द्यावे आणि चूळ भरायला लावावी.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एकाच तागडीत तोलू नयेत. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्यावर घेतले की पोट बिघडत नाही, आणि घेणाऱ्याने जेवण थोडे लांबवले तरी एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक उतरण्याचा संभव कमी असतो. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो; म्हणून ती न्याहारीच्या लगेच आधी किंवा पहिल्या घासाबरोबर द्यायची आणि न्याहारी होणार नसेल तर गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून पानावर लिहून ठेवायचे. आपल्याकडे हा प्रश्न महिन्यातून तीन-चारदा उभा राहतो, कारण संकष्टी आणि दोन एकादश्या आल्याच. उपासही एका जातीचे नसतात : साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते, तर चंद्रोदयापर्यंत काही न खाल्ल्याने उतरते, आणि गोळी मात्र दोन्ही दिवशी तीच असते. सासऱ्यांच्या पानावर आता ‘उपासाचा दिवस’ अशी स्वतंत्र ओळ आहे.

बाकीच्यांचे थोडक्यात सांगता येते. पॅन्टोप्राझोल (आम्लपित्ताचे) न्याहारीच्या अर्धा तास आधी. अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम (रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेले) जेवणानंतर. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचे) आणि अ‍ॅम्लोडिपिन दिवसातून केव्हाही चालते, पण रोज त्याच वेळी. ज्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असते, ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. तिची पूड करून किंवा ती चावून दिली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. आजींना गिळता येत नाही म्हणून खलबत्ता काढण्याआधी औषध दुकानदाराला विचारावे.

चौथी पायरी : मुलांच्या बाटल्या

मुलांच्या औषधात चूक होते ती मापात. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळते, तर तान्ह्या बाळांच्या थेंबांत १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे थेंबांची बाटली हातात आली आणि सवयीने ५ मिलिलिटर दिले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेले. एका वेळचा डोस साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. २० किलोच्या मुलाला २०० ते ३००. डॉक्टरांना ‘किती मिलिलिटर’ हे विचारताना आपल्या बाटलीची ताकद सांगावी आणि आलेले उत्तर बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहावे. घरातल्या चमच्याने मोजू नये, कारण आपल्या पोह्यांच्या आणि चहाच्या चमच्यांत कोणतेही दोन सारखे नसतात. बाटलीबरोबरचे माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी.

पूड भरून येणाऱ्या अँटिबायोटिकच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, हलवायचे आणि फेस बसल्यावर पातळी खुणेखाली गेली असेल तर पुन्हा खुणेपर्यंत आणायची. बनवलेले औषध बहुधा आठवडाभरच टिकते, म्हणून बनवल्याची तारीख टोपणावर लिहावी.

दम्याच्या इनहेलरमध्ये रोजचा कोणता आणि धाप लागल्यावरचा कोणता, हा फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे. रोजचा इनहेलर मूल बरे असतानाही चालू ठेवायचा असतो, आणि तो बरे वाटल्यावर बंद करणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. त्यात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरावी लागते. आम्ही तो दात घासण्याच्या आधीच देतो, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते आणि वेगळी आठवण करावी लागत नाही. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची प्लास्टिकची नळी, धुतल्यावर फडक्याने पुसू नये, तसाच निथळू द्यावा; पुसल्याने प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतींनाच चिकटते. इनहेलरवर आकडा दिसत नसेल तर हिशोब ठेवावा : १२० फवाऱ्यांचा डबा रोज ४ फवाऱ्यांनी ३० दिवसांत संपतो, पण त्यानंतरही दाबला की ‘फुस्स’ आवाज येतच राहतो आणि आपल्याला वाटते की औषध चालू आहे.

पाचवी पायरी : डबा भरणे आणि जागा

गोळ्यांचा आठवड्याचा कप्प्यांचा डबा माणशी एक, वेगळ्या रंगाचा असावा. तो रविवारी रात्री, टीव्ही बंद करून, वहीचे पान समोर ठेवून एकाने भरावा आणि दुसऱ्याने मोजावा. आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या मात्र या डब्यात रोजच्या गोळ्यांत मिसळू नयेत. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल रोज घेतली गेली तर शरीरातले कॅल्शियम वाढत जाते, आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदा दिलेले मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले तर ते जिवावर बेतू शकते. अशा गोळ्या वेगळ्या पाकिटात, वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. आमच्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या पिशव्यांचा हिशोब लिहिला जातोच. प्रत्येक बुधवारच्या चौकोनात ‘ड’ लिहिलेला असतो आणि कॅप्सूल घेतली की सासूबाई स्वतः त्याला गोल करतात.

औषधांची जागा गॅसच्या वरच्या फडताळात, न्हाणीघरात किंवा फ्रिजच्या डोक्यावर नसावी. उष्णता आणि दमट हवा ही दोन्ही गोळ्यांना मारक आहेत, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्या मऊ पडलेल्या आपण पाहतोच. ज्या गोळ्या ओलाव्याने लवकर बिघडतात, त्या पाकिटातच ठेवून पाकिटाचा तुकडा कप्प्यात घालावा. लहान मूल असेल तर कपाटाला कुलूप हवे, आणि औषध देताना त्याला ‘गोळी नाही रे, चॉकलेट आहे’ असे कधीही म्हणू नये. मूल ते लक्षात ठेवते.

घरात इन्सुलिन असेल तर न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नव्हे, कारण गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच असते. आणखी एक खबरदारी जीवन-मरणाची आहे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा १ मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमधले १०० युनिटचे. सिरिंजही या दोन मापांच्या मिळतात. लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले तर अडीचपट डोस जातो. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक नव्या खरेदीला जुळवून पाहावा.

सहावी पायरी : साठा

काही पाकिटांत १० गोळ्या असतात, काहींत १५, आणि थायरॉईडची येते मोठी बाटली, त्यामुळे दर आठवड्याला काहीतरी संपते आणि नेमके रविवारी मेडिकल बंद असताना कळते. यावर उपाय म्हणजे एकदाच बसून सगळ्यांच्या तारखा जुळवणे. महिन्याची एक तारीख ठरवावी, आमची २५ आहे. त्या दिवशी प्रत्येक औषध मोजून, पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत आणि वर ७ दिवस पुरेल एवढे आणावे. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरा ब्रँड दिला किंवा आपणच जनऔषधी केंद्रातून स्वस्त पर्याय घेतला, तर घटक आणि मिलिग्रॅम जुळवून पानावर नवे नाव लिहावे आणि जुने पाकीट संपेपर्यंत नवे उघडू नये. थायरॉईडच्या गोळीचा ब्रँड मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बदलू नये. तिच्यात थोडासा फरकही तपासणीत उतरतो.

सातवी पायरी : चुकले तर

वेळ चुकली आणि लवकर लक्षात आले तर बहुतेक औषधे तेव्हा घेता येतात. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यायचा. दोन डोस एकदम घेऊन भरपाई करायची नाही. ‘घेतली की नाही’ अशी शंका आली तर कप्पा रिकामा आहे की भरलेला, हे पाहावे. डब्याचा खरा उपयोग हाच आहे.

मधुमेहाच्या माणसाला दरदरून घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे असे काही दिसले आणि साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्रच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काही खायला द्यावे. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना फोन करावाच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. मुलाने मोठ्यांच्या गोळ्या गिळल्याचा संशय असेल तर उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा विनामूल्य क्रमांक कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवावा.

आठवी पायरी : आपण घरात नसताना

ही सगळी व्यवस्था बसली की एक दिवस मुद्दाम बाहेर जावे. मी तीन दिवस माहेरी गेले, वही ओट्यावर ठेवली आणि तोंडी काहीच सांगितले नाही. नवऱ्याने आणि मुलीने मिळून सगळे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला : “आई, आजोबांच्या पानावर ‘न्याहारीबरोबर’ लिहिलंयस. पण ते साडेसातला दोन बिस्किटं खातात आणि नऊला पोहे. यातली न्याहारी कुठली?” इतकी वर्षे गोळी मीच हातात ठेवत असल्यामुळे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी तिला पेन घ्यायला सांगितले. वहीत आता ‘न्याहारीबरोबर’ खोडून तिच्या अक्षरात ‘पोह्यांच्या पहिल्या घासाबरोबर, बिस्किटांबरोबर नाही’ असे लिहिलेले आहे.